उडावयास शिकताना

स्मरणिकेसाठी लेख मागताना आमच्या चिटणीसबाईंनी एकच अट घातली : इतिहासाचे काहीही लिहा, पण किल्ला आणि चिमाजी अप्पा नकोत, ते दर वर्षी असतात. अट रास्त होती. वसईच्या किल्ल्याच्या सावलीत राहणाऱ्या आम्हा पाचूबंदरच्या बायकांना इतिहास म्हटला की १७३९ साल आठवते आणि तेथेच आमची होडी गाळात रुतते. तेव्हा या खेपेस जरा आभाळाकडे पाहावे असे मी ठरविले.

विषयही आयताच मिळाला. आमच्या आळीतली एक मुलगी विमान चालविण्याचे शिक्षण घेऊ म्हणते. तिच्या आईने ही गोष्ट मंडळाच्या बैठकीत काढली, आणि मग कामकाज बाजूस राहून त्यावरच बोलणे सुरू झाले. एकजणी म्हणाली, "बाय, शिकाऊ विमान पडल्याची बातमी पेपरात येते ती वाचत नाहीस काय? पोरीला तिकडे कशाला धाडतेस?" दुसरीने लगेच विचारले, "मग आपली माणसे दर्यावर जातात ती कोणाच्या भरवशावर?" दोघींचेही म्हणणे खोटे नव्हते. मी मात्र घरी आल्यावर ही शिकाऊ विमाने पूर्वी का पडत आणि शिकणारी माणसे का मरत, याची माहिती मिळवावयास लागले. भीती धरावयाचीच तर नेमकी कशाची, एवढे तरी कळावे.

प्रारंभीच एक खुलासा करते. विमानाचा विषय निघाला की मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव कोणीतरी घेतेच. १८९५ साली त्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडविले अशी कथा आहे. अभिमानाची गोष्ट खरी, पण तिला भक्कम पुरावा नाही. ज्या 'वैमानिकशास्त्र' ग्रंथाचा या संदर्भात दाखला देतात, त्यातील विमाने उडूच शकणार नाहीत असा निर्वाळा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७४ साली दिला. म्हणून ती कथा मी येथे घेतलेली नाही.

आपल्याकडे पोरगा पहिल्यांदा होडीवर जातो तेव्हा तांडेल त्याच होडीत असतो. वारा फिरला, सुकाणू चुकीकडे वळले, तर तांडेलाचा हात पुढे येतो आणि पोराचा कान लाल होतो. विमानविद्येच्या आरंभी असा तांडेलच नव्हता. जर्मनीतील ऑटो लिलिएन्थाल याने टेकडीवरून पंख लावून दोन हजारांहून अधिक उड्डाणे केली. त्याला शिकविणारा कोण असणार? जगात त्याच्याइतके जाणणारा दुसरा कोणी नव्हता. ९ ऑगस्ट १८९६ रोजी तो पडला, त्याचा कणा मोडला आणि दुसऱ्या दिवशी तो वारला. पुढे १९०३ साली अमेरिकेत राइट बंधूंनी यंत्राचे विमान उडविले. १७ सप्टेंबर १९०८ रोजी ऑरव्हिल राइट सैन्यास आपले विमान दाखवीत असता पंखा तडकला, त्याने शेपटीकडची तार तोडली आणि विमान कोसळले. शेजारी बसलेला लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज हा सव्वीस वर्षांचा तरुण त्याच संध्याकाळी मरण पावला. यंत्राच्या विमानाने घेतलेला हा पहिला बळी. राइट स्वतः मांडी व फासळ्या मोडून कित्येक आठवडे इस्पितळात पडून होता.

त्यानंतर युरोपात विमानाच्या शाळा निघाल्या, परंतु पुष्कळ शाळांत गुरू जमिनीवर आणि शिष्य विमानात अशीच स्थिती असे. फ्रान्समध्ये ब्लेरिओच्या पद्धतीत विद्यार्थ्यास प्रथम पंख छाटलेल्या विमानात बसवीत. ते उडत नसे, नुसते मैदानावर कोंबडीसारखे धावे. मग थोडी उडी, मग मोठी उडी, आणि एके दिवशी खरे उड्डाण. वर गेल्यावर चूक झाली तर दुरुस्त करणारा हात जवळ नाही. अशाच काळात, २१ जुलै १९११ रोजी, फ्रान्समधील एताँप येथे डेनिस मूर नावाने एक बाई विमान शिकत असता पडून मरण पावली. विमानाच्या अपघातात मरण आलेली ती पहिली स्त्री. डेनिस मूर हे तिचे खरे नाव नव्हे. आपण उडावयास शिकतो हे घरच्यांना कळू नये म्हणून तिने ते घेतले होते. तिच्या मरणापेक्षाही ही गोष्ट मला अधिक बोचली. घरून चोरून शिवणकाम किंवा लिहिणेवाचणे शिकलेल्या बायका आपल्या मागच्या पिढीत कमी नव्हत्या.

पहिल्या महायुद्धात वैमानिकांची मागणी एकदम वाढली. इंग्लंडमध्ये कोवळ्या पोरांना काही तासांचे शिक्षण देऊन एकटे वर सोडीत, आणि शत्रूची गाठ पडण्याआधीच कितीतरी जण शिकण्याच्या मैदानावर संपत. विमान गिरक्या खात खाली येऊ लागले म्हणजे काय करावे, हे बहुतेक शिक्षकांनाच ठाऊक नसे. ते विद्यार्थ्यास एवढेच सांगत की तसल्या भानगडीत पडू नकोस. रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्याने १९१७ साली गॉस्पोर्ट येथे ही रीत उलटी केली. विद्यार्थ्याबरोबर शिक्षक विमानात बसू लागला, दोघांपुढे सुकाणू आले, आणि वाऱ्याच्या गोंगाटात शिष्यास ऐकू जावे म्हणून मध्ये एक बोलण्याची नळी बसविली गेली. शिक्षक मुद्दाम विमान गिरकीत घाली आणि म्हणे, आता बाहेर काढ. थोडक्यात, तांडेल एकदाचा होडीत बसला.

याच युद्धात आपला एक मुंबईकरही होता. श्रीकृष्ण चंद्र वेलिणकर हा केंब्रिजमध्ये शिकलेला तरुण इंग्रजांच्या विमानदलात वैमानिक झाला. त्या वेळी हिंदी माणसास तेथे प्रवेश मिळणेच दुर्मिळ, आणि वैमानिक झालेले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शिक्षणातून तो सुखरूप पार पडला, पण २७ जून १९१८ रोजी लढाईवर गेलेले त्याचे विमान परतले नाही. जखमी स्थितीत शत्रूच्या हाती लागून ३० जून रोजी तो मरण पावला. उत्तर फ्रान्समधील सोम जिल्ह्यात, आंगार येथील दफनभूमीत त्याची कबर आहे. हा सोम जिल्हा लक्षात ठेवा. ज्या बाईसाठी मी हा लेख लिहावयास घेतला ती अडीच वर्षांनी त्याच जिल्ह्यात विमान शिकावयास आली.

तिचे नाव बेसी कोलमन. २६ जानेवारी १८९२ रोजी अमेरिकेच्या टेक्सस राज्यात एका काळ्या शेतमजूर कुटुंबात ती जन्मली, तेरा भावंडांपैकी दहावी. बाप लवकरच घर सोडून गेला. आई सुसान लोकांच्या घरी राबून मुलांस वाढवी. मुले चार-चार मैल चालून शाळेस जात, आणि कापूस वेचणीचे दिवस आले की शाळा बंद होई, कारण सारी मुले शेतावर लागत. वेचलेल्या कापसाचा हिशेब बेसी ठेवी, आणि मापात पोरांस कोणी फसवू नये यावर तिची नजर असे. मासळीच्या बाजारात व्यापाऱ्याच्या तराजूकडे टक लावून उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलींसारखीच ती असणार.

पुढे ती शिकागो शहरी गेली आणि पुरुषांच्या केशकर्तनालयात नखे साफ करण्याचे काम करू लागली. तिचे भाऊ युद्धावरून परत आले होते. त्यांतला जॉन एके दिवशी तिला चिडवून म्हणाला की फ्रान्सच्या बायका विमाने चालवतात, तुम्हांला ते कोठले जमणार! थट्टा भावाच्या अंगावर उलटली. बेसीने विमान शिकण्याचे मनात घेतले. अमेरिकेतील एकही शाळा तिला घेईना, कारण एक तर ती बाई आणि त्यात काळी. 'शिकागो डिफेंडर' या काळ्या लोकांच्या वृत्तपत्राचे चालक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी तिला सल्ला दिला की फ्रान्सला जा. तिने रात्री फ्रेंच भाषा शिकून घेतली, पैसे साठविले, काही मदत मिळविली आणि नोव्हेंबर १९२० मध्ये बोटीवर चढली.

सोम नदी जेथे समुद्रास मिळते तेथे ल क्रोतुआ नावाचे कोळ्यांचे बंदर आहे. भरतीला पाणीच पाणी आणि ओहोटीला मैलोगणती वाळू व गाळ. आपल्या खाडीच्या तोंडाशी उभे राहून हे वर्णन कोणालाही कळेल. तेथे कोद्रों बंधूंची विमानशाळा होती. दोघा भावांपैकी धाकटा रने शाळा पाहत असे. थोरला गास्तों १९१५ साली विमानाची चाचणी घेताना पडून मेला होता. म्हणजे ज्या शाळेच्या दारातून बेसी आत गेली त्या शाळेच्या संस्थापकांपैकी एकाचा प्राण विमानानेच घेतला होता, आणि शाळा तरीही चालू होती.

बेसी न्यूपोर नावाच्या दोन पंखी विमानावर शिकली. त्यात हाताने धरावयाचा एक दांडा आणि पायांनी दाबावयाची एक आडवी पट्टी, एवढेच सुकाणू. थांबविण्यास ब्रेकदेखील नव्हता. शेपटीखालचे लाकूड जमिनीवर घासत विमान आपोआप थांबे. शिक्षक दुसऱ्या आसनावर असे, पण यंत्राच्या आवाजात बोलणे ऐकू येणे कठीण, म्हणून विद्यार्थ्याने आपल्या पुढचा दांडा कसा हलतो ते पाहून शिकावयाचे. ती शिकत असतानाच एक सहाध्यायी तिच्या डोळ्यांदेखत विमानासह कोसळून मेला. याचा तिला जबर धक्का बसला, असे तिने पुढे मुलाखतीत सांगितले, पण धीर मात्र सुटला नाही असेही सांगितले. दहा महिन्यांचा अभ्यास तिने सात महिन्यांत संपविला. १५ जून १९२१ रोजी तिला आंतरराष्ट्रीय परवाना मिळाला. काळ्या वंशाच्या स्त्रीला मिळालेला तो जगातला पहिला परवाना होय.

अमेरिकेत परतल्यावर तिच्यापुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा प्रवासी विमाने नव्हती म्हटले तरी चालेल. वैमानिकांनी जत्रेत कसरती करून पैसा मिळवावा, अशी रीत होती. तीही कसरती करू लागली. फेब्रुवारी १९२३ मध्ये लॉस एंजेलिस येथे नुकतेच घेतलेले तिचे जुने विमान उडताच बंद पडले आणि खाली आले. पाय मोडला, फासळ्या मोडल्या. बरी झाल्यावर ती पुन्हा उडाली. तिचा एक बाणा असा की काळ्या प्रेक्षकांस वेगळ्या दाराने आत घेणार असाल तर मी उडणार नाही. तिच्या लहानपणच्या गावी अखेर सर्वांस एकाच दाराने आत घेतले. आत बसविले मात्र वेगवेगळे. पैसा साठवून आपल्या लोकांसाठी, मुलींसाठीसुद्धा, विमानाची शाळा काढावी हे तिचे स्वप्न होते.

आता ३० एप्रिल १९२६ चा दिवस. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल गावी दुसऱ्या दिवशी तिचा कार्यक्रम ठरला होता. त्यासाठी युद्धातून उरलेले एक जुने 'जेनी' विमान तिने डलासहून मागविले होते. ते घेऊन विल्यम विल्स हा चोवीस वर्षांचा यंत्रज्ञ आला. वाटेत यंत्र बिघडून त्याला तीनदा उतरावे लागले होते. येथेच कोणी म्हणावयास हवे होते की हे विमान उद्यापुरते राहू द्या. पण गरिबाची होडीही अशीच असते. फळी गळते म्हणून मोसम थांबत नाही. सकाळी सरावासाठी दोघे वर गेली. विमान विल्स चालवीत होता. दुसऱ्या दिवशी बेसीला हवाई छत्री घेऊन उडी घ्यावयाची होती, म्हणून ती मागच्या आसनावरून बाजूने वाकून खालची जमीन पाहत होती. ती अंगाने लहान. पट्टा बांधला तर कडेवरून खाली दिसत नसे, म्हणून तिने पट्टा बांधला नव्हता. काही मिनिटांतच विमानाने एकाएकी खाली सूर मारला, गिरकी घेतली आणि उलटे झाले. बेसी बाहेर फेकली गेली व जमिनीवर पडून तत्काळ मरण पावली. विल्स विमानासह कोसळून मेला. जमलेल्यांपैकी एकाने पेटविलेल्या सिगारेटमुळे सांडलेल्या पेट्रोलने पेट घेतला आणि अवशेष जळाले. ती चौतीस वर्षांची होती.

राखेत कारण सापडले. एक सुटा पाना यंत्रात अडकून सुकाणूची हालचाल थांबली होती. दुरुस्ती करताना कोणीतरी तो तेथेच विसरला होता.

एक पाना आणि एक न बांधलेला पट्टा. शौर्य कमी पडले नाही, शिक्षण कमी पडले नाही, बाईपण तर मुळीच आड आले नाही. आणि हा पट्ट्याचा धडा जगास पूर्वीच मिळाला होता. १ जुलै १९१२ रोजी हॅरिएट क्विम्बी, अमेरिकेत परवाना मिळविणारी पहिली स्त्री, बॉस्टनजवळ विमानातून आपल्या प्रवाशासह बाहेर फेकली जाऊन खाडीत पडली आणि दोघेही मेली. रिकामे विमान मात्र आपोआप घसरत येऊन उथळ पाण्यात टेकले, फारशी मोडतोडही झाली नाही. त्या दोघांना पट्टे असते तर! चौदा वर्षांनी बेसी तशीच गेली. आज विमान दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारखान्यांत प्रत्येक अवजाराची जागा फळ्यावर आकार काढून ठरविलेली असते, काम संपल्यावर अवजारे मोजतात, आणि एक जरी कमी भरले तरी ते सापडेपर्यंत विमान सोडीत नाहीत. शिकाऊ विमानाच्या शाळेत मुलीला घालणाऱ्या आईबापांनी फी किती हे विचारण्याआधी पाने मोजतो कोण, हे विचारावे असे मला वाटते.

गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी त्या अपघाताची बातमी देताना बहुतेक जागा विल्सला दिली, बेसीचा उल्लेख ओझरता केला. काळ्या समाजाने मात्र तिचे मोल ओळखले. शिकागो येथे तिच्या अंत्ययात्रेस सुमारे दहा हजार लोक लोटले होते आणि अन्यायाविरुद्ध जन्मभर झुंजलेल्या आयडा वेल्स या बाईंनी त्या प्रार्थनेचे सूत्रसंचालन केले. १९२९ साली लॉस एंजेलिस येथे विल्यम पॉवेल यांनी बेसीच्या नावाने विमानसंघ काढला; तिचे शाळेचे स्वप्न तेथे थोडेफार खरे झाले. तिच्या कबरीवर विमानातून फुले टाकण्याची प्रथा शिकागोच्या काळ्या वैमानिकांनी १९३१ पासून सुरू केली. १९९२ साली मे जेमिसन ही पहिली काळी स्त्री अंतराळात गेली तेव्हा तिने बेसीचे छायाचित्र बरोबर नेले होते.

आपल्याकडे पाहावे तर विमान शिकण्याची सोय फार दूर नव्हती. खाडीपलीकडे मुंबईस बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ साली निघाला आणि पुढे जुहूचे मैदान हे त्याचे घर झाले. तेथून जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी हिंदुस्थानात दिलेला पहिला परवाना मिळाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते जुहूला उतरले. वाटेत अहमदाबादला त्यांचा थांबा होता. अहमदाबादहून जुहूपर्यंत नकाशावर रेघ ओढली तर ती आपल्या वसईजवळूनच जाते. त्याच १९३२ साली ऊर्मिला पारीख यांनी वैमानिकाचा परवाना मिळविला. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्त्याहून सिलचरला प्रवासी विमान नेले तेव्हा सहवैमानिकही बाईच होती.

पण माझे मन राहून राहून सरला ठकराल यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म १९१४ चा, दिल्लीचा. त्यांचे पती पी. डी. शर्मा टपालाचे वैमानिक होते आणि त्यांच्याच उत्तेजनाने त्या लाहोरच्या क्लबात शिकल्या. १९३६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, चार वर्षांच्या मुलीची ही आई साडी नेसून जिप्सी मॉथ विमानात एकटी बसली आणि उडाली. पुढे त्यांनी एक हजार तास उड्डाण केले. १९३९ साली पती विमान अपघातात वारले. सरलाबाईंनी शिकणे सोडले नाही. धंद्याचा परवाना मिळवावा म्हणून त्या पुन्हा अभ्यासास लागल्या. तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि नागरी वैमानिकांचे शिक्षण बंद पडले. त्या लाहोरला चित्रकला शिकल्या, फाळणीनंतर मुलींसह दिल्लीस आल्या, दागिने व साड्यांची नक्षी काढून त्यांनी संसार चालविला आणि चांगला नावारूपास आणला. २००८ साली त्या वारल्या. धंदा म्हणून विमान त्यांनी कधीच चालविले नाही.